एका मोटारीचे पाठभेद



मोटारगाडी हा काही वसंत व्याख्यानमालेचा विषय नव्हे, असे कोणी मनात म्हटले असेल तर त्यात आश्चर्य नाही. या जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी आहे. इथल्या श्रोत्यांना पोथ्यांची गोष्ट जवळची वाटावी, यंत्राची थोडी लांबची. पण आम्ही आज जे करणार आहोत ते पोथ्यांच्या अभ्यासकांचेच काम आहे. जुन्या ग्रंथाच्या दहा प्रती समोर ठेवून अमुक ओवी या प्रतीत अशी का आणि त्या प्रतीत तशी का, हे पाहणाऱ्याला पाठभेद पाहणारा म्हणतात. मोटारीचेही पाठभेद असतात. एकच गाडी, एकच नाव, पण आरंभीची निराळी आणि वीस वर्षांनंतरची निराळी. फरक एवढाच की, पोथीच्या बाबतीत जितकी प्रत जुनी तितकी ती मूळाजवळची, म्हणून अधिक मोलाची असे आपण धरून चालतो. यंत्राच्या बाबतीत मात्र जितके नवे तितके सुधारलेले असे धरून चालतो. या दोन्ही समजुती एकाच वस्तूला लावून पाहिल्या म्हणजे काय होते, ते आम्हांला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

युरोपात ही चर्चा मोठ्या हौसेने चालते. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर दिएप नावाचे बंदर आहे. तिथे जाँ रेदेले नावाचे गृहस्थ रेनॉ मोटारींचे विक्रेते होते आणि स्वतः शर्यतीत उतरत. आल्प्सच्या घाटांत गाडी हाणण्याचा त्यांना भारी नाद. म्हणून १९५५ साली त्यांनी काढलेल्या कंपनीचे नावच ‘आल्पीन’ ठेवले. तिची ‘ए ११०’ ही बसकी, दोन माणसांची गाडी १९६२ साली लोकांपुढे आली. पाठीच्या कण्यासारखी मधोमध एक पोलादी नळी, तिच्यावर काचतंतूंचे हलके कवच, आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. हे इंजिन घरगुती वापराच्या रेनॉ-८ गाडीतले होते. आरंभी हजार घनसेंटिमीटरसुद्धा भरत नव्हते. पुढे ते वाढत वाढत सोळाशेच्या घरात गेले, आणि १९७३ साली निर्मात्यांसाठी रॅलीचे पहिले जागतिक अजिंक्यपद सुरू झाले ते याच गाडीने मिळवले. त्याच सुमारास मागची चाके तोलून धरणारी मूळची रचना काही गाड्यांत बदलली. आधीच्या रचनेत वळणावर गाडीची शेपटी एकदम सरकायची. नंतरच्या रचनेत ती आवरली गेली. आता रसिकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, शेपटी सरकते तीच खरी आल्पीन. दुसरा म्हणतो, सुधारलेली तीच पुरती झालेली आल्पीन. ही गाडी १९७७ साली बंद झाली आणि २०१७ साली त्याच नावाने पुन्हा अवतरली. या वेळी अंग ॲल्युमिनियमचे, इंजिन मागच्या चाकांच्या पुढे घेतलेले, वजन आधीच्या गाडीपेक्षा तीनचारशे किलोंनी जास्त. म्हणजे तिसरा तट तयार झाला!

या गाडीची आणखी एक गोष्ट आमच्या पुढच्या विवेचनाला उपयोगी आहे. तिची भावंडे परवान्याने परदेशांतही तयार होत. मेक्सिकोत तिचे नाव ‘दिनाल्पिन’ होते, बल्गेरियात ‘बुल्गाराल्पिन’. ब्राझीलमध्ये तिची थोरली बहीण ‘इंटरलागोस’ या नावाने नांदली. सासरी गेलेल्या मुलीचे नाव बदलावे तसे. अशा गाड्यांची चर्चा करताना एक प्रश्न हटकून येतो : दूरच्या देशात, तिथल्या लोखंडाने आणि तिथल्या हातांनी घडलेली गाडी ही मूळ गाडीचा पाठभेद मानायची, की निराळा ग्रंथ?

बीडच्या रस्त्यावर आल्पीन दाखवा असे आम्हांला कोणी म्हटले तर आम्ही निरुत्तर होऊ. परंतु सासरी येऊन नाव बदललेली, पंचेचाळीस वर्षे संसार केलेली एक परदेशी मोटार आपण सर्वांनी पाहिली आहे. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांनी तिला ढकललेलेही असेल. ती म्हणजे मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट. शेवटी शेवटी जिला पद्मिनी म्हणत.

कारखान्याची कुळकथा थोडक्यात सांगतो. वालचंद हिराचंद हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने हिंदुस्थानात झाली पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याला अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ वगैरे गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. ‘जोडल्या’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. पेटाऱ्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे बोल्ट आवळले जायचे. टॅरिफ कमिशनने १९५३ साली या जोडकामाला आळा घालण्याची शिफारस केली. जो कारखानदार टप्प्याटप्प्याने सगळे भाग इथे करायला तयार असेल त्यानेच मोटारी काढाव्यात, बाकीच्यांनी निघावे, असा एकंदर भाव. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने आणि फोर्डने आपली दुकाने आवरली. कुर्ल्याचा कारखाना राहिला, आणि १९५४ पासून तिथे इटलीच्या फियाट कंपनीची ‘११००-१०३’ ही गाडी होऊ लागली. वालचंदांना मात्र ती पाहायला मिळाली नाही. ते १९५३ च्या एप्रिलमध्येच वारले.

ही आपली पहिली प्रत. तिच्याकडे जरा निरखून पाहू.

इटलीत ती १९५३ साली निघाली होती. म्हणजे तिकडची नवी गाडी इकडे वर्षभरात आली. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे असे घडले नाही. तिची चौकट आणि अंग वेगळे नव्हते. जुन्या मोटारींत खाली पोलादी सांगाडा आणि वर बसवलेली पेटी अशी रचना असे; ट्रकची आजही असते. या गाडीत पेटी हाच सांगाडा. त्यामुळे ती हलकी आणि ठणठणीत झाली. आकार सगळीकडून गोल, नाक पुढे आलेले, पाठ उतरती. मुंबईकरांनी तिचे नाव ठेवले ‘डुक्कर फियाट’, आणि या नावात तुच्छता नव्हती, लाडच होता. पुढची दारे उलटी उघडत : बिजागऱ्या मागच्या खांबाला, कडी पुढे. नऊवारी नेसलेल्या बाईला पाऊल न अडखळता आत बसता यावे याला ही दारे फार सोयीची. पण चालत्या गाडीत कडी निसटली की वारा ते दार अख्खे उघडून मागे नेई, आणि दाराला टेकून बसलेल्या माणसाची धडगत नसे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच लावलेला. पुढची बैठक सलग बाकासारखी, म्हणजे चालकाशेजारी दोघे, आणि आपल्याकडच्या हिशेबाने तीन.

इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे. या आकड्याला महत्त्व आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, हे माप फियाटने १९३७ सालच्या आपल्या ‘बालिल्ला ११००’ गाडीसाठी ठरवलेले होते. दुसरे महायुद्ध व्हायचे होते, आपल्या जिल्ह्यावर निजामाचा अंमल होता, तेव्हाचे ते माप. इटलीत या १०३ ची एक चलाख बहीणही होती. ‘तुरिस्मो व्हेलोचे’ म्हणजे वेगवान प्रवासी. तेच इंजिन जरा चढवलेले, आणि तिच्यावरच बेतलेली एक उघडी, दोन माणसांची शर्यती वळणाची गाडीही तिकडे निघाली. दिएपमध्ये रेनॉ-८ ची आल्पीन झाली, तसाच हा प्रकार. साध्या घरगुती यंत्रात किती जीव असतो ते अशा वेळी कळते. आपल्याकडे कुटुंबाची गाडी तेवढी आली, आणि त्या काळी तेच योग्य होते.

मधल्या प्रती लवकर उलटतो. १९५८ साली ‘एलेगंट’ आली, मग ‘सिलेक्ट’, मग ‘सुपर सिलेक्ट’. कुठे जाळी बदलली, कुठे चकाकती पट्टी वाढली. ज्यांना या बारकाव्यांचा नाद आहे त्यांनी ते जरूर पाहावेत. आमचा मुद्दा त्यांच्यावाचून अडत नाही.

१९६४ साली मात्र मोठा पाठभेद झाला. ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. गोलाई जाऊन अंग चौकोनी झाले, काचा मोठ्या झाल्या, आणि पुढची दारे सुलटी झाली. पाहणाऱ्याला वाटावे, ही निराळीच गाडी. इटलीत हीच गाडी ‘११०० डी’ या नावाने १९६२ साली निघाली, तेव्हा अंगाबरोबर इंजिनही बदलले होते. तिकडे ते १२२१ घनसेंटिमीटरचे झाले. आपल्याकडे अंगरखा नवा आला आणि आत काळीज जुनेच राहिले. तेच १०८९, तेच १९३७ चे माप. पोथीचा लेखक ज्याप्रमाणे मधल्या दोन अध्यायांची नक्कल नव्या प्रतीवरून करतो आणि बाकीची जुन्या प्रतीवरून, त्यातलाच हा प्रकार. अशा प्रतीला अभ्यासक मिश्र प्रत म्हणतात. डिलाइट ही मिश्र प्रत होती.

असे का झाले? यात कारखान्याचा आळस पाहणे आम्हांला अन्यायाचे वाटते. इंजिनचा ठोकळा ओतण्याचे, दांडा घासण्याचे, सिलिंडर कातण्याचे सगळे साहित्य एका मापासाठी उभे केलेले होते. माप बदलायचे तर यंत्रसामग्री बदलायची, ती परदेशातून आणायची, त्यासाठी परकीय चलन हवे, आणि परकीय चलनासाठी दिल्लीची परवानगी हवी. त्या वर्षांत देशाला धान्य बाहेरून आणावे लागत होते. मोटारीच्या इंजिनासाठी डॉलर कोण देणार? दुसऱ्या बाजूने पाहिले तर कारखान्याला घाईही नव्हती. गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. किती गाड्या करायच्या ते परवान्याने ठरलेले, काय किमतीला विकायच्या तेही पुढे सरकार ठरवू लागले, आणि किमतीचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्याचा माल तयार होण्याआधीच विकला गेलेला असतो, त्याला तो सुधारण्याची निकड कशी वाटावी?

डिलाइटच्याच वर्षाची एक हकीकत सर्वश्रुत आहे, ती सांगून पुढे जाऊ. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाल्यावर घरच्यांच्या आग्रहाखातर त्यांनी १९६४ ची एक फियाट घेतली. किंमत बारा हजारांच्या आसपास. जवळ पैसे कमी पडले म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढले. १९६६ च्या जानेवारीत ते ताश्कंदला वारले तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ललिताबाईंनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. मोटार ही त्या काळी मध्यम स्थितीतल्या माणसाला किती मोठी वस्तू होती, हे देशाच्या पंतप्रधानाच्या घरावरून कळते. मग आमच्या जिल्ह्यातल्या वकील-डॉक्टरांची काय कथा!

फियाट कंपनीशी असलेला करार संपल्यावर १९७२ साली गाडीवरचे फियाट हे नाव गेले. ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’. आता नाव बदलले, अंग तेच, काळीज तेच. लोकही वस्ताद, त्यांनी पद्मिनीला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. टॅक्सीवाल्यांच्या तोंडी तर दुसरे नावच नव्हते.

इथून पुढे ही गाडी आणखी पंचवीस वर्षांहून अधिक काळ होत राहिली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. इंजिन आठशेच्याही आतले, पण पुढची चाके ओढणारे, हलके आणि कमी पेट्रोल पिणारे. तेव्हा कुर्ल्याला जाग आली. १९८५ साली ‘११८ एनई’ ही निराळी गाडी काढली, तिला निस्सानचे इंजिन. पद्मिनीला डिझेलचे इटालियन इंजिन बसवून ‘१३७ डी’ केली. अगदी अखेरच्या काही पद्मिनींत गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून उतरून जमिनीवर आला आणि पुढच्या बाकाच्या जागी दोन सुट्या खुर्च्या आल्या. याच कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून कल्याणला ‘प्यूजो ३०९’ ही फ्रेंच गाडीही काही वर्षे काढली. ती रुजली नाही. विसावे शतक संपता संपता पद्मिनीही थांबली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, ती ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी पुष्कळ अश्रू ढाळले. (आपल्याकडे काळी-पिवळी म्हटले की टपावर माणसे बसवलेली जीप डोळ्यांसमोर येते, त्यामुळे मुंबईचे ते दुःख बीडला नीटसे पोहोचले नसावे.)

आता तुलनेकडे येतो. १९५४ ची डुक्कर फियाट आणि १९९६ ची पद्मिनी शेजारी शेजारी उभ्या केल्या तर सरस कोणती?

जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे उत्तर ठरलेले आहे. पहिलीचा पत्रा जाड, दाराचा आवाज भरीव, रंग आरशासारखा, फटी सगळीकडे सारख्या. पद्मिनीचे दार दोनदा आपटावे लागते, रबर लवकर वाळते, पहिल्या पावसात कुठून तरी पाणी शिरते, आणि नवी कोरी गाडी शोरूममधून आणून आधी मिस्त्रीकडे न्यावी लागते. या तक्रारी खऱ्या आहेत. हे केवळ आठवणींचे माहात्म्य नव्हे. गिऱ्हाईक बांधलेले असले म्हणजे मालाची निगा सुटते. चाळीस वर्षे तेच इंजिन करणाऱ्याला ते निर्दोष करता यायला हवे होते; तेवढे झाले नाही, आणि त्याचा दोष परकीय चलनावर ढकलता येणार नाही.

परंतु शौकिनाची नजर मुंबईच्या सपाट रस्त्यावरची आहे. आम्ही ही तुलना मांजरसुंब्याच्या घाटात करू इच्छितो.

आमच्या या जिल्ह्याची परिस्थिती आपण जाणता. परळीला रेल्वे फार पूर्वीपासून आहे, पण खुद्द बीड शहराला आगगाडी मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत माणूस काय आणि माल काय, सगळा भार रस्त्यावर. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली मोटारबस सुरू केल्या, नंतर एस. टी. आली. पण बाळंतीण अडली, कोणाला पान लागले, न्यायालयाची तारीख चुकायला आली, तर गावातल्या ज्या एका माणसाकडे मोटार असेल त्याच्या दारी जावे लागे. अशा गाडीची खरी परीक्षा ती किती तासाला किती मैल जाते ही नव्हे. ती वाटेत बंद पडली तर पुन्हा चालू होते की नाही, आणि कोणाच्या हातून होते, ही आहे.

या परीक्षेत पहिली प्रत कशी उतरते? तिचे कित्येक भाग इटलीहून येत. एखादा तुटला की मुंबईला पत्र, मुंबईहून तार, आणि गाडी महिना महिना गोठ्यात. गाडी उत्तम, पण तिचा जीव समुद्रापलीकडे. पुढे वर्षे गेली तसा एकेक भाग इथे होऊ लागला. आधी बॅटरी, टायर, काचा, पाटे. मग डायनॅमो, कार्ब्युरेटर. मग गिअर आणि इंजिनचा ठोकळासुद्धा. पुण्याला, मुंबईला, नाशिकला, पुढे औरंगाबादला लहानमोठे कारखाने उभे राहिले, त्यांतले पुष्कळ या आणि असल्या मोजक्या गाड्यांचे भाग करूनच हात बसवून घेत होते. माप बदलत नव्हते म्हणूनच हे शक्य झाले, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. इंजिन दर पाच वर्षांनी बदलले असते तर तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानदाराने कोणकोणत्या मापाच्या रिंगा आणि बेअरिंगे ठेवली असती? सन १९६५ च्या गाडीला १९८५ चा पंप चालतो, यामुळेच केजच्या, गेवराईच्या, माजलगावच्या गॅरेजात फियाट दुरुस्त होऊ शकली.

आणि त्या गॅरेजातला मिस्त्री! तो शाळा किती शिकला हे विचारू नका. पॉइंटची फट तो पोस्टकार्डाच्या जाडीने लावी. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची नळी तापून त्यात वाफ अडली की ओले फडके गुंडाळून दहा मिनिटे थांबायचे, हे त्याने चालकाला शिकवून ठेवलेले. फॅनबेल्ट तुटला तर दोरखंड वळून गाव गाठायचे. रेडिएटर गळू लागला तर हळद टाकायची. हे उपाय कोणत्याही इटालियन पुस्तकात नव्हते. यंत्र उघडून पाहिले, हाताने चाचपले, तुटले ते जुळवले, आणि पुन्हा पुन्हा तेच यंत्र समोर आले म्हणून विद्या पक्की झाली. आजच्या मोटारीचे बॉनेट उघडले तर वर एक काळे झाकण दिसते आणि खाली काय आहे ते संगणक लावल्याशिवाय कळत नाही. ती गाडी सुरक्षित आहे, धूर कमी सोडते, बंदही क्वचित पडते. हे सगळे आम्ही मान्य करतो. पण ती बंद पडली म्हणजे छत्रपती संभाजीनगरला ओढून न्यावी लागते. १९५४ च्या गाडीचा जीव जसा समुद्रापलीकडे होता, तसाच हिचाही दूर कुठे तरी आहे.

म्हणून आमचे मत असे की, डुक्कर फियाट ही अधिक चांगली घडवलेली गाडी आणि पद्मिनी ही अधिक आपली झालेली गाडी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एकीची किंमत दुसरीतून वजा करता येत नाही. मुंबईच्या गिऱ्हाइकाला आपण फसवलो गेलो असे वाटले तर तेही चूक नव्हे. त्याला जगातली चांगली गाडी मिळू शकली असती. आमच्या घाटातल्या माणसाला ती मिळूनही फार उपयोग झाला नसता.

कोणी विचारील, मग सुधारणा झालीच नाही तेच बरे झाले असे आपले म्हणणे आहे काय? तसे नाही. सुधारणेचा लाभ कोणाच्या पदरात पडला हे पाहावे, एवढेच म्हणणे आहे; आणि त्यासाठी एक अगदी घरचे उदाहरण आहे. आपली बैलगाडी. तिचेही दोन पाठ आपण पाहिले. जुनी गाडी लाकडी चाकांची : मध्ये तुंबा, त्यात आरे, वर पाटे आणि त्यांच्यावर लोखंडी धाव. सुतार आणि लोहार गावातलेच. दुसरी टायरगाडी : मोटारीची चाके, आत बॉलबेअरिंग, वर हवा भरलेले रबर. विज्ञानाच्या दृष्टीने विचाराल तर दुसरीत तोटा काहीच नाही. रस्ता खणला जात नाही, धक्के कमी, आणि बैलांना ओढ कमी. दसरा झाला की या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. साखर कारखान्यांनी त्यांना या टायरगाड्या वापरायला दिल्या. आता ओढ कमी झाली म्हणजे बैलाला विसावा मिळाला असे कोणाला वाटेल. प्रत्यक्षात गाडीवरचा ऊस वाढला. चाकाने जेवढे हलके केले तेवढे, किंबहुना त्याहून जास्त, मोळ्यांनी जड केले. वजन करणारा काटा कारखान्याचा, खेप वाचली ती कारखान्याची. पहाटे तीनला उठून मोळ्या डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला चाक लाकडाचे की रबराचे याने काय फरक पडला, हे तिलाच विचारले पाहिजे. आणि टायर फुटला तर सुतार-लोहाराचा उपयोग नाही.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी उलट बाजूचा अनुभव घेतला. त्यांच्या पद्मिनी पुढे सीएनजीवर चालू लागल्या. १९३७ च्या मापाचे इंजिन आणि त्याला एकविसाव्या शतकातले इंधन. मागे डिकीत टाकी, त्यामुळे उतारूंच्या पेट्या टपावरच्या कॅरियरवर. दिसायला ओबडधोबड, पण इंधनाचा खर्च उतरला, आणि उतरलेला पैसा बहुतांशी गाडी हाकणाऱ्याच्या खिशात राहिला, कारण पुष्कळदा गाडी त्याचीच होती. ही सुधारणा कुर्ल्याच्या आराखड्यात नव्हती. पाठभेद करणारे सगळेच काही मूळ ग्रंथकार नसतात.

आता एक व्यवहाराची गोष्ट सांगून पुरे करतो, कारण या जिल्ह्यात अजून काही वाड्यांच्या मागे, कडब्याच्या गंजीशेजारी अशा गाड्या उभ्या असतील. केंद्र सरकारने २०२१ साली नियम केला की, पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद करता येईल. तिला निराळ्या अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदीचे शुल्क वीस हजार रुपये, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला आणता येत नाही. १९६४ च्या डिलाइटचे पन्नास वर्षांचे वय कधीच उलटले आहे. १९७४ ची पहिली पद्मिनीही आता त्या रांगेत आली आहे. कोणती प्रत आहे हे ओळखायला आधी पुढच्या दाराच्या बिजागऱ्या पाहाव्यात. त्या मागच्या खांबाला असल्या तर गाडी डिलाइटच्या आधीची. पुढे असल्या तर नावाची पाटी आणि नोंदणीपुस्तक पाहावे. पाटीवर विसंबू नये, कारण पद्मिनीला फियाटची पाटी लावणारे हौशी लोक थोडे नव्हते.

पण या नियमात एक अट आहे. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. एखाद्या शेठजींची गाडी तीस वर्षे कापडाखाली उभी राहिली, ती या कसोटीला सहज उतरेल. जिने रात्री-अपरात्री रोगी वाहिले, जिला एका दुष्काळात पेट्रोल परवडेना म्हणून कोणी डिझेलचे इंजिन बसवले, जिचा पुढचा पत्रा बीडच्या लोहाराने ठोकून नवा केला, ती उतरणार नाही. कागदोपत्री ती आता मूळ फियाट राहिली नाही. तिच्या मालकांनी काय करावे असे आम्हांला विचाराल, तर इंजिन पुन्हा जुने बसवून क्रमांक मिळवण्याच्या खटपटीला आम्ही तरी लागणार नाही. त्यापेक्षा ज्या मिस्त्रीने तिच्यावर हात चालवला तो हयात असेल तर त्याला बोलवावे, बॉनेट उघडावे, आणि कोणता भाग कधी, कशाने आणि का बदलला हे त्याच्याकडून एका वहीत लिहून घ्यावे. ती वही गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवावी.